धुक्यातली हाक

निसर्गकविता लिहायला मला ज्यांनी शिकवलं ते मास्तर वारले, तेव्हा मी पेढे वाटले नाहीत, एवढीच काय ती माझी सभ्यता. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तर ते जिवंत असतानाही बोललो नाही. उलट धुळ्यात त्यांच्या ओसरीवर दर रविवारी मांडी घालून तीन वर्षं बसलो आणि मान डोलावली. ते सगळं आता बाहेर पडतंय. या रागातला निम्म्याहून अधिक माझा माझ्यावरच आहे हे मला कळतं, पण तोही त्यांच्यावर काढायची सवय आता या वयात कुठे सुटणार?

मी तेव्हा धुळ्याच्या कोर्टात नक्कल-कारकून होतो. दिवसभर निकालांच्या नकला करायच्या, संध्याकाळी खानावळीत जेवायचं आणि खोलीवर येऊन वहीत कविता लिहायच्या. आमचं गाव शिंदखेड्याच्या बाजूला. जमीन काळी पण कोरडवाहू, पाऊस देईल ते घ्यायचं. वडील मी लहान असतानाच गेले. थोरला भाऊ चौथीतून शाळा सोडून वखरामागे लागला, म्हणून मी मॅट्रिकपर्यंत पोचलो. हे त्याने एकदाही बोलून दाखवलं नाही आणि तीच माझी अडचण होती. बोलला असता तर एकदाचा भांडून मोकळा झालो असतो. तो काही बोलायचाच नाही, आणि मी सुट्टीत घरी गेलो की माझ्या ताटात आधी वाढायला सांगायचा.

मास्तर पुण्याकडचे. पोटासाठी धुळ्याच्या एका हायस्कुलात आले आणि वीस वर्षं राहूनही त्यांनी हे गाव आपलं म्हटलं नाही. उन्हाळ्यात ओल्या पंच्याने डोकं झाकून बसायचे आणि आल्यागेल्याला ऐकवायचे, "तुमच्या खानदेशात निसर्ग नाही हो, नुसतं हवामान आहे." आम्ही चौघं-पाचजण शिष्य हसायचो. आपल्याच गावाला दिलेली शिवी ऐकून हसणं ही कवी होण्याची पहिली पायरी आहे, असं आम्हाला वाटत असावं. मला तरी तसंच वाटत होतं.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा अशी. एका वहीत त्यांनी कवितेत चालणारे शब्द लिहून ठेवले होते, दुसऱ्या बाजूला न चालणारे. निर्झर चाले, नाला चालत नसे. लता चाले, वेल कधीमधी, पण गिलक्याचा वेल अजिबात नाही. बाभळीला मज्जाव. कपाशी? "कपाशी हा व्यापार आहे, निसर्ग नव्हे," असं म्हणून त्यांनी माझी सबंध कविता तपकिरीच्या बोटाने बाजूला सारली होती. मी काय लिहिणार? ज्या गावात मी वाढलो तिथे निर्झर नव्हता. पावसाळ्यात तीन आठवडे वाहणारा एक नाला होता, आणि त्यातही म्हशी आधी, पाणी मागून. तरीही मी निर्झरावर चार कविता लिहिल्या. धुळ्याच्या पांझरेत घोट्याएवढं पाणी असताना तिच्यावर नौकाविहार लिहिला. मास्तर म्हणाले, "आता जमायला लागलंय." जमायला काय लागलं होतं, तर खोटं बोलणं. पण ते मला इतकं गोड लागलं की मी आठवडाभर पाय जमिनीला न लावता कोर्टात गेलो.

त्यांचे दोन नियम मला तोंडपाठ होते. एक, कवितेत माणूस आला की निसर्ग पळतो. दुसरा, निसर्ग बघताना हाताला काम असता कामा नये. हात गुंतले की डोळे आंधळे. दुसऱ्या नियमाचं मला फार अप्रूप वाटे. आमच्या घरात हाताला काम नसलेलं माणूस म्हणजे एक तर आजारी, नाहीतर पाहुणं. आणि इथे एक विद्वान गृहस्थ सांगत होते की रिकामे हात ही मोठी गोष्ट आहे!

या सगळ्याच्या मुळाशी जळगाव होतं. तिथे दर वर्षी दिवाळीनंतर कवींचा मेळावा भरत असे. मोठमोठे कवी येत, अध्यक्ष म्हणून कधी एखाद्या मासिकाचे संपादक येत, आणि मास्तरांच्या शब्दावर धुळ्याच्या एका नवीन कवीला तिथे कविता म्हणायला मिळे. एकालाच. मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते आज सांगायलाही लाज वाटते. तीन वर्षांत ती एकदा एका वकिलाच्या मुलाला मिळाली होती, ज्याने चांदण्यावर बत्तीस कडवी लिहिली आणि नंतर आयुष्यात काही लिहिलं नाही. दुसऱ्यांदा त्यालाच पुन्हा मिळाली. त्या वर्षी मास्तर मला म्हणाले, "नाताळच्या सुट्टीत गावी जाताय ना? धुकं पडेल. पहाटे उठून बघा आणि घेऊन या. बरं आणलंत तर जळगावचा विचार करू."

मी गावी गेलो तो पोटाशी वही खोचूनच.

पौष लागला होता आणि खरंच धुकं पडत होतं. आमच्याकडे त्याला धुई म्हणतात आणि तिचं नाव निघालं की लोकांची तोंडं उतरतात. हरभरा फुलावर असतो. रात्रभर धुई बसते, फुलंपानं पाण्याने जड होतात, आणि त्यावर ऊन पडलं की फूल गळतं. त्यावर आमच्याकडे एक उपाय आहे. अंबाडीचा लांब दोर घ्यायचा, दोन माणसांनी दोन टोकं धरायची, आणि उन्हं यायच्या आत पिकावरून तो ओढत सबंध वावर फिरायचं. दोर शेंड्यांना नुसता लागला पाहिजे. खाली गेला तर फूल तोडतो, वर राहिला तर पाणी झडत नाही. दोघांची चाल एक पाहिजे. पण धुईत वीस पावलांवरचं माणूस दिसत नाही, म्हणून टोकावरचा थोडं चालला की हाक देतो, दुसरा ओ देतो, आणि त्या आवाजावर दोघं चाल जुळवतात. ज्याची ओ आली नाही त्याच्यासाठी थांबायचं, असा नियमच आहे.

पहिल्या दिवशी भावाने मला उठवलं. म्हणाला, "धुई उनी. आज नही झाडं ते बठ्ठा हरभरा गळी जाई." मी गेलो. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली होती, तेव्हा दुसरं टोक माझंच. दोन तास ओल्या हरभऱ्यातून चाललो. हरभऱ्याची आंब, म्हणजे त्याच्या पानांवरचं आंबट पाणी, पायाला लागली की जिथे म्हणून भेग असेल तिथे चुरचुरतं, आणि माझे कारकुनाचे मऊ पाय तर भाजल्यासारखे झाले. धुकं कसं होतं म्हणाल तर मला आठवत नाही. मी खाली दोराकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी वही उघडली तर लिहायला एक अक्षर नाही. मास्तर बरोबर म्हणत होते, असं मला वाटलं, आणि भावाचा भयंकर राग आला. सुट्टीचे दोनच दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या आधी उठलो आणि कोणाला न सांगता वावराच्या वरच्या बांधावर जाऊन बसलो. हात रिकामे, घोंगडी अंगावर. काय सांगू, फार सुंदर होतं ते! शिवार नव्हतंच. बांधाखाली सगळं पांढरं, त्यात एका बोरीचा शेंडा तेवढा वर तरंगत होता आणि कुठून तरी एक होला घुमत होता. तीन वर्षांत जी वस्तू मी शब्दांत शोधत होतो ती समोर होती. मला ओळ सुचू लागली. अर्धी आली, उरलेली येतच होती.

तेवढ्यात खालून भावाची हाक आली. "धाकल्या ऽ! दोर धर रे!"

मी चाळीस पावलांवर होतो. हाक लख्ख ऐकली. 'ओ' म्हणायला तोंड उघडलं सुद्धा, आणि मिटलं. ओ दिली की उठावं लागणार, उठलं की ओळ गेली. मनात म्हटलं, एवढं कडवं होऊ दे. त्याने पुन्हा हाक मारली. मी गप्प. तिसऱ्यांदा त्याची हाक घराच्या दिशेने गेली आणि जरा वेळाने आईचा आवाज ऐकू आला. "लिखी ऱ्हायना व्हई कोठे. आन, मी धरस."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट जराशी फुशारकीच होती. धाकटा लिहितोय. मी तेही ऐकलं आणि तरी उठलो नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलं आहे. भावाची हाक, आईची बारीक ओ. हाक, ओ. माझं कडवं होत आलं होतं. मग एक हाक झाली आणि ओ आलीच नाही, आली ती किंकाळी. आईची मूठ आता घट्ट बसत नसे, म्हणून तिने दोराचा वेढा मनगटाला घेतला होता. सरीत पाय घसरून ती पडली. भावाला दिसलं काहीच नाही. दोर ताणला गेला तेव्हा त्याला वाटलं, झाडात अडकला. त्याने हिसडा दिला. बैल आवरणाऱ्या माणसाचा हिसडा.

मी उठून पळालो. पण सरळ खाली पळालो नाही, हे लिहायचं म्हणूनच मी हे सगळं लिहायला बसलो आहे. मी आधी वही कुडत्यात खोचली, बांधाच्या मागून वळसा घातला आणि नाल्याच्या वाटेने धापा टाकत आलो. त्या घाईतही मला एवढं सुचलं. कवितेच्या ओळीसाठी तीन वर्षं लागली, पण हे सुचायला क्षणही लागला नाही.

आई चिखलात बसली होती आणि उजवा हात मांडीवर वाकडा पडला होता. भाऊ तिच्या मनगटावरचा वेढा सोडवत होता. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "कोठे व्हता तू?"

"नालावर गयथू. माले आयकू उनं नही."

त्याने मान हलवली. त्याला ते लगेच पटलं. मग तो म्हणाला, "मीच हिसडा दिधा. माले वाटनं दोर अटकना." हे तो त्या दिवशी दहादा म्हणाला असेल. हाडवैदाला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, वहिनीच्या माहेरी निरोप गेला त्यातही ते होतं. हाडवैदाने कामट्या बांधल्या. हात जुळला पण वाकडा जुळला. आईला पुढे भाकरी थापता आली नाही. आणि भाऊ, जो आधीच कमी बोलायचा, तो तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिसला तरी धावत जाऊन घ्यायला लागला. हे सगळं मला पुढे दिसलं; त्या वेळी मी दोन दिवसांनी परतायचं ते दुसऱ्याच दिवशी धुळ्याला आलो. कोर्टात काम आहे म्हणालो.

कविता मात्र झाली होती. चांगली झाली होती. मी तिला आजही वाईट म्हणणार नाही. पहिल्या खर्ड्यात दोर होता, दोन माणसं होती, आणि ओला हरभराही होता. मास्तरांनी लाल शाई घेतली आणि दोर खोडला, माणसं खोडली, हरभऱ्यावर तर नुसती काट मारली नाही, बाजूला 'शी!' असं लिहिलं. मग ते एका कडव्यापाशी थांबले आणि चष्मा काढून बसले. ते कडवं असं होतं:

शुभ्र पांढऱ्या पडद्याआडुन
कुणी मला ही हाक दिली?
ऐकुनसुद्धा उभाच मी, अन्
ओ ओठांवर थिजलेली.

"ही हाक," मास्तर म्हणाले, "निसर्गाची आहे. अव्यक्त तुम्हाला बोलावतंय आणि तुम्ही या संसारात रुतल्यामुळे ओ देऊ शकत नाही. वा! हे कडवं तुमचं तुम्हाला तरी कळलंय का?"

मी म्हणालो, "थोडं थोडं."

हा माझा त्यांच्यावरचा खरा राग आहे. त्यांनी बाभळी खोडल्या, कपाशी खोडली, त्याचं काय एवढं! पण माझ्या हातून झालेली एक नीच गोष्ट त्यांनी अव्यक्ताच्या नावावर चढवली आणि मला त्यात लपायला जागा करून दिली. मी इतक्या आनंदाने लपलो की चार महिन्यांत मलाही ते खरं वाटू लागलं. बाकीच्या शिष्यांना मी त्या कडव्याचा अर्थ समजावून सांगत असे. जळगावची जागा मला मिळाली.

घरी पत्र टाकलं तेव्हा आईच्या आनंदाला पारावार राहिला नाही, असं नंतर कळलं. तिने भावाच्या मागे टुमणं लावलं, की आपल्या घरातलं कोणीतरी जायलाच पाहिजे. पोरगं एवढ्या लोकांत उभं राहणार आणि ओळखीचं तोंड दिसायला नको? कपाशीची वेचणी ऐन भरात होती. तरी भाऊ तापी लाइनच्या आगगाडीत बसून जळगावला आला. मला ठाऊक नव्हतं.

मेळावा एका धर्मशाळेच्या चौकात होता. सतरंज्या, तक्के, अत्तर, आणि पुढच्या रांगेत जरीची उपरणी. तेव्हा कविता गाऊन म्हणायची पद्धत होती. मी चाल बसवली होती, गळा बरा होता. तिसऱ्या कडव्यापासून माना डोलू लागल्या आणि हाकेच्या कडव्याला तर चौक उसळला. "वन्समोअर!" अध्यक्षांनी स्वतः हात वर केला. मास्तर माझ्याकडे न बघता शेजारच्याला काहीतरी सांगत होते, बहुधा अव्यक्ताबद्दल. मी ते कडवं पुन्हा म्हटलं. 'ऐकुनसुद्धा' या शब्दावर मी तान घ्यायचो. ती घेत असताना मागच्या खांबापाशी मला भावाचा फेटा दिसला.

तो उभा होता. बाकी सगळे बसलेले आणि तो एकटा उभा. धुतलेलं धोतर, हातात फडक्याचं गाठोडं. तान मधेच तुटली, आणि लोकांना वाटलं मला गहिवरून आलं. त्यावर आणखी टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर संपादकांनी कविता छापायला मागून घेतली. मास्तरांनी पाठीवर हात ठेवला. मी सगळ्यांतून वाट काढत बाहेर आलो. भाऊ धर्मशाळेच्या दाराशी रस्त्यावर थांबला होता. मी वाकून पाया पडायला गेलो, तो मागे सरला.

"तुले आयकू उनं व्हतं," तो म्हणाला.

मी म्हणालो, "भाऊ, ते कवितेतलं आहे. तसं नसतं ते." मी त्याच्याशी शहरी बोललो. का बोललो कोण जाणे. त्याच्याशी त्याआधी मी असा कधी बोललो नव्हतो.

"वरीसभर माले वाटनं, मायना हात मी मोडा." त्याचा आवाज चढला नव्हता. तो जणू स्वतःलाच एकेक गोष्ट नीट लावून दाखवत होता. मग त्याने चौकाकडे बोट केलं आणि मला खरंच विचारलं, त्याला उत्तर हवं होतं, "लोकेसनी टाळ्या कसाले वाजाड्यात?"

मास्तरांनी शिकवलेला सगळा अर्थ मला पाठ होता, अव्यक्त, संसार, सगळं. त्यातला एक शब्द त्या माणसापुढे बाहेर पडेना. त्याने गाठोडं माझ्या हातात दिलं, "मायनी दिधात," म्हणाला आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. बाजरीचे लाडू होते. मी ते मेळाव्यातल्या कवींना वाटले, कारण एकट्याने खाववेना आणि टाकवेना. वकिलाच्या मुलाने दोन खाल्ले.

नंतरचा महिना मी भावावरच चिडून काढला. तो का आला? त्याला बसायला काय झालं होतं? त्याला कविता कळते का? अशी चीड फार दिवस पुरत नाही, पण जितके दिवस पुरते तितके दिवस बरं वाटतं. पौषात धुकं पडायला लागलं तेव्हा मी कोर्टात आठ दिवसांची रजा टाकली आणि वही न घेता गावी गेलो. ठरवून गेलो होतो. रोज पहाटे दोर धरायचा, आणि त्यातल्या एखाद्या दिवशी आईला सगळं सांगून टाकायचं. भावाने तिला सांगितलं असेलच, तर निदान माझ्या तोंडून पुन्हा.

पहिल्याच पहाटे वावरात गेलो. धुई दाट होती. भाऊ आधीच आत उतरला होता, आणि त्याच्या हातात दोर नव्हता. तीन माणसांच्या लांबीचा एक बांबू त्याने मधोमध धरला होता आणि तो आडवा पिकावरून फिरवत एकटा चालला होता. बांबूने वावर झाडायला दुप्पट वेळ लागतो. खांदे भरून येत असणार. मी म्हणालो, "भाऊ, दोर काढ. मी धरस."

"आते येले दुसरा मानूस लागस नही," तो म्हणाला आणि पुढे गेला. पानांवरून बांबू सरकल्याची सळसळ तेवढी येत राहिली.

मी बांधावर उभा राहिलो. दुसरं काय करणार? ऊन वर आलं तेव्हा आई न्याहारी घेऊन आली. भाकरीचं टोपलं डाव्या हाताने कमरेवर धरलं होतं, उजवा हात पदराखाली. तिच्याबरोबर शेजारच्या वावरातली अक्का होती. आम्ही निंबाखाली बसलो. भाऊ बांबू खांद्यावर घेऊन आला, पण बसला नाही. मी भाकरी मोडली. अक्काने आईच्या मनगटाकडे बघून विचारलं, थंडीत फार ठणकतं का?

आई हसली. "ठनकस. पन अक्का, हाई मोठ्यानी ताकद शे! एक हिसडा दिधा नी मायना हातच मोडी टाका." मग माझ्याकडे बघून, डाव्या हाताने माझ्या पाठीवरून फिरवत म्हणाली, "हाऊ बिचारा तवय नालावर गयथा. हाऊ ऱ्हाता ते असं व्हतंच नही."

भावाने तिला सांगितलं नव्हतं. जळगावहून येऊन दोन महिने झाले होते, आणि तो तिच्या तोंडून हे रोज ऐकत होता.

त्याने आता माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी सोसला असता. तो नुसता वाट पाहत होता. पुढे काय बोलायचं ते माझंच होतं. अक्काही माझ्याकडे बघत होती, ती सहज. मला शब्द सुचत होते, अगदी सोपे, चार-पाच शब्दांचं काम होतं, आणि शब्दांचा तर मी नावाजलेला माणूस होतो. मी भाकरीचा तुकडा ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. भाऊ बांबू निंबाला टेकवून बैल सोडायला गेला.

आई त्यानंतर पाच वर्षं जगली. हात मोठ्याने मोडला, हेच शेवटपर्यंत तिला ठाऊक होतं.